सहरीचं खोकं

दुसऱ्या रोज्याच्या पहाटे साडेचारला मी लेकीला फोन लावला. घरी असती तर हाका मारून, पांघरूण ओढून आणि शेवटी पंखा बंद करून तिला उठवावं लागलं असतं. तिकडे मात्र पहिल्याच रिंगला तिनं फोन उचलला आणि कुजबुजत म्हणाली, ‘उठलेय अम्मी. झाली सहरी.’ काय खाल्लंस विचारलं, तर म्हणाली, ‘बिस्किटं. चार. आणि पाणी.’

माझ्यासमोर गरम चपाती होती, रात्रीचा खिमा होता, दही होतं, केळं होतं. त्या दिवशी माझीही सहरी पाण्यावरच झाली म्हणा ना.

लेक यंदा पुण्यात फार्मसीच्या पहिल्या वर्षाला आहे. घराबाहेरचा तिचा हा पहिलाच रमजान. सहरी म्हणजे रोजा सुरू होण्याआधीचं पहाटेचं खाणं. ते साडेपाचच्या आसपास आटोपावं लागतं. रोजा सुटतो सूर्य मावळल्यावर, सध्या पावणेसातच्या सुमाराला. वसतिगृहाची मेस सकाळी आठला उघडते आणि रात्रीचं जेवण साडेसातला मिळतं. म्हणजे नाश्ता आणि दुपारचं जेवण रोज्यात जाणार, आणि ज्या दोन वेळांना पोटात काहीतरी जायलाच हवं त्या दोन्ही वेळांना मेसला कुलूप. खोलीत किटली, इंडक्शन, इस्त्री काहीही चालत नाही. हा नियम योग्यच आहे. त्या इमारतीचं वायरिंग मी पाहिलंय, रेक्टर असते तर मीही तोच नियम केला असता.

तर पार्सल पाठवायचं ठरलं. ठरलं म्हणजे मी ठरवलं. तिला विचारलं नाही, आणि पुढचं सगळं त्यातूनच घडलं.

पहिलं खोकं मी दोन संध्याकाळी राबून भरलं. शामी कबाब केले, कारण तिला आवडतात. गुलगुले तळले, कारण रमजानात आमच्या घरी गुलगुले झाले नाहीत असं कधी झालं नाही. समोशाच्या पट्ट्या ठेवल्या. त्या ती कुठे तळणार होती, ते अल्लाहला ठाऊक. लिंबाच्या लोणच्याची काचेची बरणी, खजूर, शेवया, जानमाज, नवा सलवार-सूट आणि वर आमच्या मोहल्ल्यातल्या मशिदीनं छापलेलं सहरी-इफ्तारच्या वेळांचं कार्ड. खोकं उचलायला रिक्षावाल्याला हात लावावा लागला. झाकणावर मी जाड मार्करनं आधी उर्दूत आणि मग मराठीत ‘रमजान मुबारक’ लिहिलं. अक्षर माझं बरं आहे, त्याचा थोडा अभिमानही आहे.

खाजगी बसनं रात्री अकराला टाकलेलं ते खोकं पहाटे पुण्यात पोहोचलं. पहाटे आणायला कोण जाणार? लेकीचं प्रॅक्टिकल संपलं संध्याकाळी, मग ती बसच्या ऑफिसात गेली. तोवर कबाब दिवसभर पत्र्याच्या शेडमध्ये तापले होते. फेब्रुवारी असला म्हणून काय झालं, दुपारचं ऊन पत्र्याला सोडत नाही. लोणच्याच्या बरणीचं झाकण ढिलं झालं होतं आणि तेल नव्या सूटमध्ये शिरलं होतं. तिनं खोकं खोलीत नेलंच नाही. गेटजवळच उघडून कबाब टाकून दिले. तिच्या खोलीत तिघीजणी. त्यातली एक पंढरपूरजवळच्या गावची, माळकरी घरातली. नासलेल्या कबाबांचा वास घेऊन तिच्या शेजारी जाऊन बसणं लेकीला जमलं नाही.

रात्री तिचा फोन आला. आवाज थकलेला. ‘अम्मी, हे तू माझ्यासाठी पाठवलंस की तुझ्यासाठी?’

मी गप्प. मग ती म्हणाली, ‘और सुनो, ऊपर कुछ नक्को लिखो. खाली नाम लिखो.’

ज्यांना आमची दखनी कानावरून गेलेली नाही त्यांच्यासाठी सांगते, खोक्यावर काही लिहू नकोस, फक्त नाव लिही, असं ती म्हणत होती.

का? कुणी काही बोललं का? या प्रश्नाला मला ‘हो’ असं उत्तर मिळेल या भीतीनं मी तो लगेच विचारला नाही. विचारला दुसऱ्या दिवशी. ती म्हणाली, कुणी काही बोललेलं नाही, सगळ्या चांगल्या आहेत. पण तिनं कुणाला सांगितलंच नव्हतं. रोजा आहे हे खोलीतल्या दोघींनाही माहीत नव्हतं. दुपारी त्या मेसला निघाल्या की ही म्हणायची, पोट दुखतंय, तुम्ही जा. ‘सगळ्यांना रोज उत्तरं देत बसायचं नाहीये मला. माझी इंटर्नल आहे.’

उत्तरं म्हणजे काय, ते मला माहीत आहे. प्रत्येक मुसलमानाला माहीत आहे. पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘पाणीपण नाही?’ वीस वर्षं मी स्टाफरूममध्ये हे उत्तर देत आलेय आणि मला त्याचा कधी राग आला नाही. विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर खरी काळजी असते. पण अठराव्या वर्षी, नव्या शहरात, जिथे अजून आपल्याला आपल्या नावानं ओळखणारी दहा माणसंसुद्धा झालेली नाहीत, तिथे आधी रोजेवाली म्हणून ओळख व्हावी असं एखाद्या मुलीला वाटलं नाही, तर मी तिला काय म्हणू? मला वाईट वाटलं. ते तिच्याबद्दल होतं की या दिवसांबद्दल, हे मला त्या रात्री नीट सांगता आलं नसतं. तरावीहच्या नमाजमध्ये दोनदा रकातींची गिनती चुकली.

त्याच रात्री मला अब्बांचा डबा आठवला.

२००२ साली मी कोल्हापूरला एम.ए. करत होते. तेव्हा सोलापूरला वेगळं विद्यापीठ नव्हतं. ते २००४ साली झालं. त्याआधी इथली कॉलेजं शिवाजी विद्यापीठाखाली होती, त्यामुळे पुढं शिकायचं म्हटलं की आम्ही कोल्हापूरची एसटी धरायचो. त्या वर्षी रमजान नोव्हेंबरात आला होता. इस्लामी वर्ष चांद्र, ३५४-३५५ दिवसांचं. आपल्या पंचांगासारखा अधिक महिना त्यात धरत नाहीत. म्हणून दिवाळी आपल्या ऋतूत राहते आणि रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी मागे सरकत सगळे ऋतू फिरून येतो. माझ्या वाट्याला वसतिगृहातल्या थंडीचे रोजे आले, लेकीच्या वाट्याला उन्हाळ्याच्या तोंडाचे.

अब्बा टॉवेलच्या कारखान्यात जॉबर होते. शिक्षण सातवीपर्यंत. रमजानच्या आठ दिवस आधी त्यांचं जवाबी पोस्टकार्ड आलं. तरुण वाचकांना सांगायला हवं, तेव्हा दोन कार्डं जोडलेली मिळायची, अर्ध्यावर आपण लिहायचं आणि उरलेलं अर्ध समोरच्यानं फाडून उत्तरासाठी वापरायचं. त्यात अब्बांनी ख्यालीखुशाली एका ओळीत आटपून प्रश्न विचारले होते. खोलीत किती मुली आहेत? कपाटाला कुलूप आहे का? मुंग्या आहेत का? पहाटे दिवा लावला तर रेक्टरबाई रागावतात का? प्यायचं पाणी किती वाजता येतं?

मला तेव्हा हसू आलं होतं. मुंग्या! पण सगळ्याची उत्तरं लिहून पाठवली.

मग एसटीच्या ड्रायव्हरकाकांच्या हाती तेलाचा मोकळा पत्र्याचा डबा आला. वरून गोणपाट शिवलेलं. आत कडक भाकऱ्या, शेंगाचटणी, खजूर आणि एका टॉवेलात गुंडाळलेलं चावीचं घड्याळ. टॉवेल सोडायचा नाही, तसंच उशीखाली ठेवायचं, म्हणजे गजर तुला ऐकू येईल आणि बाकीच्यांना नाही, अशी चिठ्ठी. वेगळ्या पुरचुंडीत रेक्टरबाईंसाठी शेंगाचटणी. आणि आमच्या मशिदीचं वेळापत्रक, त्यावर अब्बांच्या हातची नोंद: कोल्हापूर पश्चिमेला आहे, सूर्य तिकडे उशिरा मावळतो. सहरी आपल्या वेळेलाच बंद कर, इफ्तारला मात्र आठ-दहा मिनिटं थांब. दोन्हीकडून राखलेलं बरं.

ते आठवल्यावर मी उठून बसले. कारण पहिल्या खोक्यात मी सोलापूरचं कार्ड जसंच्या तसं पाठवलं होतं. पुणे सोलापूरच्या पश्चिमेला दोन अंशांहून थोडं जास्तच आहे. एका अंशाला चार मिनिटं धरली तर सूर्य तिथे साधारण आठ मिनिटं उशिरा मावळतो. सोलापूरच्या वेळेवर तिनं खजूर तोंडात टाकला असता, तर दिवसभर राखलेला रोजा आठ मिनिटांसाठी तुटला असता. सातवी शिकलेल्या माणसाला जे सुचलं ते पीएच.डी.ला बसलेल्या त्याच्या लेकीला सुचलं नव्हतं. माझ्या लेकीला ते सुचलं होतं म्हणा. ‘कार्ड सोलापूरचं आहे, मी मोबाइलवर बघते,’ असं ती सहज बोलून गेली होती आणि मी ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या खोक्याआधी मी प्रश्न विचारले. पोस्टकार्डाऐवजी व्हॉट्सअॅपवर, पण बरेचसे अब्बांचेच. उत्तरं वाचून माझी अर्धी यादी गळाली. फ्रिज नाही, तेव्हा मांस-अंडं बाद. तळायची-उकळायची वस्तू बाद. खोलीतल्या दोघी पहाटे साडेचारला गाढ झोपेत, तेव्हा आवाज करणारी वस्तूही बाद. ही शेवटची अट आम्हा सोलापूरकरांना अवघड. कडक भाकरी हे आमचं हुकमी शस्त्र. ज्वारीची भाकरी पातळ थापून, भाजून, वाळवून ठेवली की कितीतरी दिवस टिकते. पण ती पहाटेच्या शांततेत मोडली तर मजला जागा होतो! त्यावर उपाय निघाला. संध्याकाळी कॅन्टीनमधून दही आणायचं आणि सहरीआधी अर्धा तास भाकरी त्यात कुसकरून ठेवायची. भाकरीचा चुरा मी घरीच करून पाठवला. कुटण्याचा आवाज माझ्या शेजाऱ्यांनी ऐकला.

शेंगाचटणी केली, पण मीठ निम्मं, तिखट निम्मं. सहरीला खारट-तिखट खाल्लं की दुपारी जीभ टाळूला चिकटते. लसूण घातलाच नाही, बंद खोलीत तोंडाला त्याचा वास नको म्हणून. बिनलसणाची शेंगाचटणी! कुटणाऱ्या मावशींनी माझ्याकडे असं पाहिलं की मी धर्मच बदललाय.

डिंकाचे लाडू दिले, प्रत्येक लाडू वेगळ्या कागदात, म्हणजे पहाटे अंधारात एक काढला की पुरे. सातूचं पीठ गूळपावडर मिसळून दिलं, त्यात नुसतं गार पाणी किंवा दूध घालायचं. दुधाची छोटी कागदी पाकिटं, जी न फोडता बाहेर टिकतात. इफ्तारसाठी खजूर, सब्जा आणि लिंबू सरबताची पूड. सब्जाला विस्तव लागत नाही, पेलाभर पाण्यात वीस मिनिटं ठेवला की फुलतो. मेसचं जेवण साडेसातला, म्हणजे रोजा सुटल्यावर पाऊण तास ढकलायचा, त्याला एवढं पुरतं. फुटाणे आणि ज्वारीच्या लाह्या भरीला. दशम्या फक्त सहा. दुधात पीठ मळलं तरी दोन-तीन दिवसांपलीकडे त्या पाठवण्यात अर्थ नाही, मायेचा अपमान होतो.

एक गोष्ट बहुतेक आया विसरतात. पाळीच्या दिवसांत रोजा नसतो, तो नंतर भरून काढायचा असतो. त्या दिवसांत मुलीला दुपारी जेवायचं असतं. पण घरी काय नि बाहेर काय, आमच्या मुली तेव्हाही लपून-छपून खातात, कुणी विचारलं तर काय सांगायचं म्हणून. त्या चार-पाच दिवसांसाठी मी वेगळी पिशवी केली आणि वर लिहिलं, ‘मेसला जा आणि पोटभर जेव. हे वरचं खाणं आहे.’

खाण्याशिवाय तीन वस्तू गेल्या. पुस्तकाला चिमटीनं लावायचा छोटा दिवा, घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा आणि नमाजची सुती ओढणी. आणि पुण्याच्या वेळा मी स्वतः कागदावर उतरवून काढल्या, तीस दिवसांच्या, दोन रकान्यांत. सगळं मिळून साडेचार किलो झालं. लाडू, फुटाणे, लाह्या तिघींना पुरतील इतक्या, आणि एकही वस्तू अशी नाही की जी माळकरी मुलीला चालणार नाही. रविवारी सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसनं आमचे एक सहकारी पुण्याला निघाले होते, त्यांच्या हाती दिलं. अकराच्या आत स्टेशनवर लेकीनं घेतलंसुद्धा.

झाकणावर काय लिहिलं? दोन भाषांत शिकवणारी बाई मार्कर हातात घेऊन पाच मिनिटं उभी होती. मग नाव लिहिलं आणि खोली नंबर. बस.

पुढची हकिकत मला लेकीकडून तुकड्या-तुकड्यांनी कळली. वेळांचा कागद तिनं कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. दोन दिवसांनी दार उघडं राहिलं आणि माळकरी मैत्रिणीनं वाचून विचारलं, ‘हे कुठल्या बसचं टाइमटेबल गं?’ आता काय सांगणार? सांगितलं. पहिला प्रश्न आलाच: ‘पाणीपण नाही?’ लेक म्हणाली, नाही. त्यावर ती म्हणाली, ‘आमची आजी आषाढीला निर्जळी करते. पण एकच दिवस.’ आणि मग एकदम तिचा चेहरा उतरला. ‘म्हणजे रोज दुपारी पोट दुखत नव्हतं तुझं?’

मला वाटलं होतं, लेकीला धर्मावरून काही ऐकावं लागेल. तिला ऐकावं लागलं खिचडीवरून. पोट दुखतंय म्हणून ती मैत्रीण आठवडाभर मेसवाल्या मावशींना सांगून हिच्यासाठी मऊ खिचडी करून घेत होती आणि डब्यात आणून हिच्या टेबलावर ठेवत होती. ही ती संध्याकाळी वॉचमनकाकांना देऊन डबा धुऊन ठेवायची. मैत्रिणीला राग आला तो याचा. ‘मला सांगावंसं वाटलं नाही तुला?’ दोन दिवस ती बोलली नाही. आपापल्या पलंगावर बसून दोघींनी अभ्यास केला आणि मधल्या पलंगावरची तिसरी दोघींचे निरोप इकडून तिकडे पोचवत राहिली.

लेकीनं मला फोन केला तेव्हा ती रडत होती. मी काय सांगणार? माझ्या मनात होतं ते एवढंच, की तू लपवलंस ते चुकलं असं मी म्हणू शकत नाही, आणि तिला लागलं ते चुकलं असंही म्हणू शकत नाही. मी म्हटलं, ‘लाडू आहेत ना शिल्लक?’ ती म्हणाली, ‘अम्मी, लाडूनं काही होत नाही.’ खरंच होतं ते. लाडूनं झालं नाही. तिनं जाऊन माफी मागितली, सरळ. कसं झालं हे तिनं सांगितलं नाही आणि मी यावेळी विचारलंही नाही.

आता खिचडी रात्री येते. मेस बंद होताना मैत्रीण ती घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात भरून आणते आणि लेक पहाटे तीच खाते. गार असते, पण खिचडी असते. सातूचं पीठ मात्र मैत्रिणीनंच निम्मं संपवलं. एकादशीला चालतं का, यावर दोघींत वाद झाला आणि तो पंढरपूरला आजीपर्यंत फोनवर गेला. चालत नाही असा निकाल लागला.

आज तिसरं खोकं भरतेय. ईदच्या दुसऱ्याच दिवशी लेकीचा पेपर आहे, ती घरी येणार नाही. शीरखुर्म्याचा सुका ऐवज पाठवायचा आहे: तुपात भाजलेल्या बारीक शेवया, खारीक, चारोळी, बदामाचे काप. रेक्टरबाईंनी ईदच्या सकाळी मेसच्या चुलीवर दूध तापवायची परवानगी दिली आहे. बाईंच्या नावाची पुडी वेगळी बांधली. तिघींच्या वाटीला पुरेल असा हिशेब होता, तर लेकीचा मेसेज आला, सतरा जणी आहेत. खारीक पुन्हा आणायला जावं लागलं.

सगळं भरून झालं, चिकटपट्टी लावली आणि मी तिला फोन केला. ‘वर काय लिहू?’

‘नाव लिही,’ ती म्हणाली. ‘आणि खोली नंबर जरा मोठ्या अक्षरात लिही. गेल्या वेळी स्टेशनवरून आणलं आणि खाली वॉचमनकाकांनी भलत्याच मजल्यावर पाठवलं. तुझा दोन तीनसारखा दिसतो.’